भोकाच्या खुर्चीचे गाऱ्हाणे

विमलाबाईंनी गुरुवारी सकाळी अर्धाच कप चहा मागितला, तेव्हाच सगुणने किटली खाली ठेवून तिच्याकडे पाहिले. त्याची ही थोरली बहीण नोकरीत असताना शाळा भरण्याआधी चार कप चहा घ्यायची, आणि निवृत्तीला बारा वर्षे झाली तरी त्यात एका घोटाची सूट तिने स्वतःला दिली नव्हती. आज ती कपात डोकावून माप बघत होती.

"पुरो," ती म्हणाली. "जितका आत जाता तितका भायर येता. मगे तुमची दोघांची वरात."

वरात म्हणजे अशी. सोमवारी परसातल्या पायरीवरून घसरून बाईंचा उजवा पाय मोडला होता. डॉक्टरांनी प्लास्टर घालून सहा आठवडे उकिडवे बसायची सक्त मनाई केली. धारगळातल्या त्या घराचा संडास मात्र जुन्या पद्धतीचा, परसात, तीन पायऱ्या उतरून. तिथे उकिडवे बसण्याखेरीज माणसाला दुसरे काही करता येत नव्हते. तेव्हा एका बाजूने सगुण, दुसऱ्या बाजूने त्याची बायको शालिनी, मध्ये एका पायावर उड्या मारणाऱ्या विमलाबाई, अशी मिरवणूक दिवसातून चारदा निघे. जिच्या नुसत्या खोकण्याने आख्खा वर्ग गप्प बसायचा, तिला आता भावजयीच्या खांद्याला लोंबकळून संडासात तोल सांभाळावा लागत होता. यावर बाईंनी उपाय शोधला होता, तो म्हणजे खाणेपिणे बंद करणे.

म्हापशाच्या दुकानात कमोडची खुर्ची मिळते असे कळले होते. दुकानदाराने मागवून देतो म्हणून सांगितले, पण आठ दिवस लागतील म्हणाला.

"आठ दीस उपाशी रवान मी मरान," बाई म्हणाल्या. "कोणाच्या तरी घरात म्हाताऱ्या माणसाची भोकाची कदेल पडान आसतली. ती माग. पण आयक सगुण, माजा नाव खंय येवचा नाय. एकतीस वर्सां मी ह्या गावाक शिस्त शिकयली. आता माज्या संडासाची चर्चा तिठ्यार जावची नाय."

"नाय गो आक्का. माका काय अक्कल नाय?" सगुण म्हणाला.

हा प्रश्न पुढे चार दिवस त्याला अनेकांनी विचारला.

सगुणची अक्कल कमी होती असे नाही. तुयेच्या कारखान्यात त्याने तीस वर्षे स्टोअर सांभाळले होते, आणि एक स्क्रू इकडचा तिकडे होऊ दिला नव्हता. घोटाळा होता तो दुसऱ्याच ठिकाणी. सगुण गावच्या देवळात गाऱ्हाणे घालायचा. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या पोरीचे लग्न जुळेना, कुणाचा झिलगा बोटीवर गेला आणि फोन करीना, की लोक नारळ घेऊन सगुणकडे येत. तो देवापुढे उभा राहून त्यांच्या वतीने सगळे सविस्तर सांगे. मागे उभे राहिलेले लोक वाक्यावाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणत. आपल्याला काय हवे ते दुसऱ्याच्या तोंडून मागायची ही पद्धत गावात फोन येण्याच्या कितीतरी आधीची.

म्हणूनच गौरेशने जेव्हा 'माणुसकीचा हात, पेडणे-डिचोली' हा ग्रुप काढला तेव्हा त्याने सगुणला मानद सल्लागार नेमले. गौरेशचे हमरस्त्यावर मोबाईलच्या कव्हरांचे दुकान होते आणि पुढच्या पंचायत निवडणुकीवर डोळा होता. ग्रुपात आठशे एकाहत्तर माणसे होती. माणुसकी अजून जिवंत आहे, असे ती रोज सकाळी एकमेकांना फुलांच्या चित्रासकट कळवत. परप्रांतातले एक हरवलेले मूल तीन वर्षांपूर्वीच सापडले होते, ते या ग्रुपावर अजून दर आठवड्याला शोधले जाई. मध्यंतरी एका बाळंतिणीला रक्त हवे होते, तर दोनशे बारा जणांनी हात जोडले. रक्त तिच्या दिराने दिले. तो कुठल्याच ग्रुपात नव्हता.

तर गुरुवारी दुपारी सगुणने फोन हातात घेतला. त्याला मराठीत टाईप करता येत नसे, म्हणून तो बोलूनच निरोप पाठवायचा. काय बोलायचे ते त्याने मनात नीट घोकले: एका गरजू व्यक्तीस कमोडची खुर्ची हवी आहे, असल्यास कळवावे. एवढेच. मग त्याने माईकचे बटण दाबले. समोर शांतता पसरली. आणि शांततेत कुणासाठी तरी काही मागायचे म्हटल्यावर तीस वर्षांच्या सवयीने त्याचे डोळे आपोआप मिटले.

"बा देवा म्हाराजा," सगुण म्हणाला.

"व्हय म्हाराजा," स्वयंपाकघरातून भाजी चिरता चिरता शालिनी म्हणाली. तिलाही तीस वर्षांची सवय होती.

"आज ह्या धारगळ गावातली तुजा लेकरू, शाळेची बाई विमला, परसात घसरान पडली आसा. तिचो उजवो पाय मोडलो आसा."

"व्हय म्हाराजा."

"तिका उकिडवा बसूक जमणा नाय. तिणें खाणा सोडल्यान, चाय सोडल्यान. तिका भोकाची कदेल व्हयी."

"व्हय म्हाराजा."

इथे थांबला असता तरी निभावले असते. पण गाऱ्हाण्याचे एक शास्त्र आहे आणि सगुणच्या बापाने ते त्याला मार देऊन शिकवले होते. नाव आणि घर नीट सांगितले नाही तर देवाचा प्रसाद शेजाऱ्याच्या दारात पडतो, हे एक. दुसरे, मागणारा किती चुकला हे आधी कबूल केल्याशिवाय देव पुढचे ऐकत नाही.

"तिच्या हातसून काय चुकला माकला आसात," सगुणचा आवाज चढला, "एकतीस वर्सां तिणें लोकांच्या भुरग्यांका छडयेन फोडल्यान. केल्लेल्याक फोडल्यान, नाय केल्लेल्याकय फोडल्यान. तां सगळां तुज्या पोटात घाल म्हाराजा. आणि खंयच्याय वाटेन ती कदेल घरात येवंदी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," शालिनी म्हणाली, आणि मग सुरी हातात घेऊन बाहेर आली. "अहो, हां गाऱ्हाणा कोणाक?"

सगुणने डोळे उघडले. निरोप गेला होता.

घाम फुटला तरी त्याने डोके शाबूत ठेवले. निरोपावर बोट दाबून धरले तेव्हा फोनने त्याला विचारले, सर्वांसाठी हटवू की माझ्यासाठी हटवू? सगुण मूळचा भिडस्त माणूस. दुसऱ्याच्या फोनातले आपण काय म्हणून पुसायचे, ते बरे दिसत नाही, असा त्याने विचार केला आणि 'माझ्यासाठी हटवा' वर बोट ठेवले. निरोप अदृश्य झाला. सगुणने सुटकेचा निःश्वास टाकला आणि दुपारची झोप काढायला गेला.

तो उठला तेव्हा फोनवर एकशे चार निरोप होते. पहिले साठ जोडलेल्या हातांचे. त्यानंतर डिचोलीहून यशवंतचा. यशवंतचे आता खाणीवर चार ट्रक चालत होते. त्याने लिहिले होते, "तिसरीत सातचो पाढो येवक नाय म्हणान बाईन चार छडये मारल्यान. आज कळला की बाईक पश्चात्ताप झालो. डोळ्यांत पाणी इला. बाई, मी तुमका माफ केलंय."

यानंतर माफीची रांगच लागली. कुणी नखांबद्दल माफ केले, कुणी शुद्धलेखनाबद्दल, कुणी कवितेच्या चौथ्या ओळीबद्दल. कुवेतहून एकाने माफ केले आणि तिथे किती उकाडा आहे तेही कळवले. एक गृहस्थ बाईंच्या शाळेत कधी गेलेच नव्हते. त्यांनी आपल्या शाळेतल्या गणिताच्या मास्तरांच्या वाटची माफी बाईंना देऊन टाकली. तेजस्विनीने अवघ्या दोन महिन्यांपूर्वी समुपदेशनाचा ऑनलाईन कोर्स केला होता. 'बालपणीच्या शिक्षेचे व्रण: तुम्ही एकटे नाही' अशी अकरा पानांची पुस्तिका आणि सहा मदतवाहिन्यांचे नंबर तिने टाकले. व्रण आहेत हे तोवर ज्यांच्या लक्षात आले नव्हते, त्यांनी ते शोधायला सुरुवात केली.

कमोडच्या खुर्चीबद्दल एकशे तीन निरोपांत चकार शब्द नव्हता. एकशे चौथा धाकूचा होता. धाकू तुयेच्या कारखान्यात कामाला, आई वारलेली, माणूस अबोल. त्याने लिहिले, "आवयची कदेल माळ्यार आसा. घेवन येतंय."

सगुणने देवाला हात जोडले आणि फाटकापाशी जाऊन उभा राहिला. सहा वाजले, सात वाजले. धाकू आला तो रिकाम्या हाताने.

"कदेल?" सगुणने विचारले.

"गौरेशान दुकानात ठेवन घेतली," धाकू म्हणाला. "रस्त्यार स्कूटर अडयल्यान. म्हणालो, अशी वस्तू अशीच दिवची नाय. आयताराक कार्यक्रम."

सगुण तसाच लेंग्यावर हमरस्त्याला गेला. गौरेशच्या दुकानात कव्हरांच्या काचेपुढे खुर्ची उभी होती, ॲल्युमिनियमची, चार पायांची, मध्ये गोल भोक असलेली. एक पोरगी तिला गुलाबी सॅटिनची फीत बांधत होती.

"काका, तुमी माका रडयलास," गौरेश म्हणाला. "तुमचा गाऱ्हाणा मी धा ग्रुपांर धाडलंय. आयताराक तुमच्या खळ्यात 'क्षमा आणि कृतज्ञता सोहळा'. भाऊ येतले." भाऊ म्हणजे तालुक्याचे एक वजनदार कार्यकर्ते. ते आले की फोटो येतात आणि फोटो आले की मते येतात असा गौरेशचा हिशेब होता.

"बाबा, कार्यक्रम कर. पण कदेल आज दी."

"काका, दोन दिसांचो प्रश्न."

दोन दिवस म्हणजे या बाबतीत काय असते, हे सगुणला चारचौघांत, त्या पोरीसमोर, कसे सांगावे कळेना. "आक्काचे हाल जातत रे," एवढेच तो म्हणाला.

"तांच आमका दाखवचा आसा," गौरेश म्हणाला. "हाल दिसले तरच लोकांका मदत करूची बुद्धी जाता." त्याने पोस्टर दाखवले. त्यावर बाईंचा निरोप समारंभातला हार घातलेला फोटो होता आणि खाली खुर्चीचा. खुर्चीचे नाव 'आरोग्य-आसन' ठेवण्यात आले होते. हार घातलेला फोटो बघून मोरजीच्या दोघांनी तेवढ्यात श्रद्धांजलीही वाहिली होती.

शुक्रवारी बाईंनी चहा पाव कपावर आणला. पेज नको म्हणाल्या. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले, पण नजरेची धार तीच. सगुणला तिच्या खोलीत जायचे धाडस होईना. शालिनीने दोनदा त्याला ऐकू जाईल असे म्हटले, "देवाक सांगल्यार देव तरी कोणाक सांगणा नाय."

शनिवारी सकाळी पाव विकणारा पदेर आला. सायकलचा भोंपू वाजवून त्याने पोयांची पिशवी खिडकीतून आत दिली. बाईंनी मोजून पाहिल्या, तर दोन जास्त.

"ह्यो दोन कित्याक?" बाईंनी विचारले.

"ऱ्हावंद्यात बाई," पदेर गहिवरून म्हणाला. "चवथीत तुमी माका बाकार उभो केल्लास. मीय तुमका माफ केलंय."

दोन मिनिटांत सगुण बाईंच्या खाटेपुढे उभा होता, हात मागे बांधून, जसा पन्नास वर्षांपूर्वी उभा राहायचा.

"कोणी कोणाक माफ केला?" बाईंनी विचारले.

सगुणच्या फोनात पुरावा नव्हता. पण शालिनीच्या फोनात होता आणि तिने तो लावला. बाईंनी सगळे गाऱ्हाणे डोळे मिटून ऐकले, व्हय म्हाराजांसकट. भोकाची कदेल आली तेव्हा त्यांच्या कपाळावर एक आठी पडली. छडीचा भाग आला तेव्हा ती आठी गेली, हे सगुणला जास्त भीतिदायक वाटले.

"आक्का, माजा चुकला," तो म्हणाला. "तुजा नाव घेवचा नाय होता. माका मेल्याक रवला नाय."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलेच नाही. "'नाय केल्लेल्याकय फोडल्यान,'" त्या हळू म्हणाल्या. "ह्या खराच. एक आसा तसो."

मग त्यांनी सांगितले. शाळेची पितळेची हातघंटा एका सकाळी नाहीशी झाली होती. आदल्या दिवशी वर्ग झाडायची पाळी धाकूची होती, म्हणून त्यांनी धाकूला धरले. नाही म्हणाला, तर आणखी मारले. घंटा कधी सापडली नाही, आणि धाकूने कधी कबुली दिली नाही. "एकतीस वर्सांत हजार पोरांका मारलंय, सगळ्यांका कारण देवन. तेकाच नुसत्या संशयान मारलंय," बाई म्हणाल्या. "आणि कदेल धाडता कोण, तर तो."

सगुणला वाटले, आता ती रडणार. बाई रडल्या नाहीत. "उद्या येवंदेत सगळे," त्या म्हणाल्या. "माका कदेल व्हयी."

रविवारी अकराचा कार्यक्रम पावणेएकला सुरू झाला, कारण भाऊंना आणखी दोन ठिकाणी माणुसकी होती. घरापुढच्या खळ्यात मंडप, साठेक माणसे, तिघांचे फोन थेट प्रक्षेपणासाठी काठ्यांवर. मधोमध गुलाबी फितीतले आरोग्य-आसन. त्याच्या बाजूला साध्या खुर्चीवर, स्टुलावर पाय ठेवून विमलाबाई. सकाळपासून त्यांनी दोन घोट पाणी घेतले होते. त्यातला एक आता फार पुढे आला होता, हे त्यांच्या आवळलेल्या मुठीवरून सगुणला कळत होते.

गौरेश वीस मिनिटे बोलला. भाऊ पंधरा. ते बाईंच्या हातचा मार खाऊ न शकल्याबद्दल हळहळले. तेजस्विनीने सर्वांना डोळे मिटून आपल्यातल्या लहान मुलाला मिठी मारायला सांगितले. मग यशवंत माईकपुढे आला आणि सातचा पाढा, चार छड्या, आईने लावलेली हळद हे सगळे सांगून म्हणाला, "बाई, आज मी समस्त विद्यार्थ्यांच्या वतीन तुमका—"

"यशवंत," बाई म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता. माईकची गरजही नव्हती. यशवंत मध्येच थांबला.

"सगळे उबे रवा."

साठ माणसे उभी राहिली. का उभे राहिलो हे नंतर कुणालाच सांगता आले नाही. भाऊही उभे राहिले.

"तोंडां रस्त्याकडे. फोन खिशात. यशवंत, सातचो पाढो म्हण. मोठ्यान. बाकीच्यांनी तेच्या फाटोफाट. मी थांब म्हणीसर थांबूचा नाय. धाकू, ती कदेल उचल आणि आत घे. शालिनी, माका हात दी."

"सात एके सात," यशवंतने सुरुवात केली. चार ट्रकांचा मालक रस्त्याकडे तोंड करून बोलत होता. साठ घसे त्याच्यामागे होते. "सात दुणे चौदा." हमरस्त्यावरची एक बस हळू झाली. "सात त्रिक एकवीस." आत काय चालले आहे याचा एक आवाजही बाहेर येत नव्हता, आणि बाहेरच्याला तो ऐकायचा धीरही नव्हता. एका पोराने खिशात टाकलेल्या फोनवर प्रक्षेपण सुरूच होते. कुवेतच्या गृहस्थाने काळोख्या पडद्यावर सातचा पाढा ऐकला आणि तिथूनच म्हटला.

सत्तर झाले, तरी आतून थांब आले नाही. यशवंतने आठचा घेतला. नवाच्या मध्यावर तो अडखळला आणि भाऊंनी त्याला सावरले. बाराच्या पाढ्याला शालिनी दारात आली. "बाई म्हणतत, पुरो. आता भजी खावन घरा जावा," ती म्हणाली. माणसे घाम पुसत निघाली. कुणालाही फोटो काढायची आठवण झाली नाही. गौरेशला झाली, पण त्याची हिंमत झाली नाही.

खळे रिकामे झाल्यावर सगुण भीत भीत बाईंच्या खोलीत गेला. खुर्ची खाटेच्या उशाशी उभी होती. धाकू तिचा एक डगमगता पाय घट्ट करत होता. बाई टेकून बसल्या होत्या, तीन दिवसांत पहिल्यांदाच हातपाय सैल सोडून. सगुणकडे बघून त्यांनी त्याला बसायची खूण केली, म्हणजे त्याची शिक्षा पुढे ढकलली होती.

"धाकू," बाई म्हणाल्या. "हजारांची माफी मी मागणा नाय. तेंका मारलंय ता बरोबर मारलंय. पण तुका मारलंय ता चुकला. ती घंटा. माका आजून रातीक झोप मोडता. मी तुजी माफी मागतंय."

बहिणीच्या तोंडून हे शब्द सगुणने जन्मात ऐकले नव्हते. त्याचे डोळे भरून आले. धाकूने हातातला पाना खाली ठेवला.

"बाई," तो म्हणाला, "घंटा मीच चोरलेली."

सगुणने भरून आलेले डोळे चटकन पुसले.

"खंय आसा ती?" बाईंनी विचारले.

"घरा आसा. आवय बिछान्यार पडली, तेव्हा हाक मारूक तिका दिली होती. शेवटीसर ती वाजवी." धाकूने वर पाहिले. "तुमका हाडून दिवू? कदेलीबरोबर उपेगाक पडतली."

बाईंचा चेहरा हळूहळू उजळत गेला. चहा बंद झाल्यापासून तो इतका टवटवीत सगुणने पाहिला नव्हता. त्या ताठ बसल्या.

"ती उद्या सकाळी घेवन ये," त्या म्हणाल्या. "आणि माजी माफी आत्ता परत दी."